बारा किलोमीटरच्या वर गेलं की ग्लायडरचा जीपीएस गप्प: दर वेळी तेच का होतं आणि त्यावर काय करायचं

मागच्या रविवारी नाशिकहून एका मुलाचा फोन आला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या टीमसोबत बलूनखाली थर्माकोलचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, टांगून वर पाठवतात आणि जीपीएसनं ठरलेली उंची सांगितली की ते सोडतात. आवाजावरूनच कळलं काय झालंय ते. "दादा, परत तेच झालं. बाराच्या वर गेलं आणि बंद. खाली येताना आपोआप सुरू झालं, पण ग्लायडर सुटलंच नाही, बलूनच्या चिंध्यांसकट खाली आलं." दुसऱ्यांदा झालं होतं त्यांचं. पहिल्या वेळी जीपीएस खराब निघाला असं समजून नवा मॉड्यूल घेतला, दुसऱ्या वेळी नव्यानंही तेच केलं.

फोनवर तासभर बोललो, पण हेच मला याआधी चार-पाच जणांनी विचारलंय आणि माझ्या स्वतःच्या तीन फ्लाइट ह्यात गेल्यात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो. मी इंग्लंडमध्ये केंब्रिजशरला राहतो, इथे हा छंद बराच जुना आहे, माणसं दर वीकेंडला बलून सोडतात, त्यामुळे चुका करायला आणि त्यातून शिकायला भरपूर वाव मिळाला.

आधी एक सांगतो म्हणजे हुरूप राहील. घरी बनवलेलं विमान इतक्या उंचीवरून सोडणं हे शक्य आहे, लोकांनी केलंय. २०१० साली स्पेनमध्ये एका इंग्लिश टीमनं कागदाचं विमान साधारण २७ किलोमीटरवरून सोडलं आणि ते परत सापडलंसुद्धा. २०१५ मध्ये आमच्या इथल्याच एल्सवर्थ गावातून एका शाळेच्या पोरांनी कागदी विमान ३५ किलोमीटरवर नेऊन सोडलं, तो विक्रम झाला. तेव्हा तुमचं ग्लायडर चुकीचं नाहीये, नव्वद टक्के वेळा भानगड जीपीएसच्या सेटिंगमध्ये नाहीतर बॅटरीत असते.

आता लक्षणं बघा, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. "जीपीएस बंद पडला" असं सगळे म्हणतात पण बंद पडण्याचे निदान तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे, एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पुढची फ्लाइट पण जाते. म्हणून सगळ्यात आधी लॉग उघडा. आणि लॉग म्हणजे तुमच्या प्रोग्रामनं गाळून ठेवलेले अक्षांश रेखांश नाहीत, जीपीएसमधून येणारी कच्ची वाक्यं जशीच्या तशी कार्डवर लिहिलेली पाहिजेत. ती लिहीत नसाल तर पुढच्या वेळी पहिलं काम ते करा, त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

कच्च्या लॉगमध्ये तीन गोष्टी बघायच्या. जीपीएस गप्प झाला त्या वेळी उपग्रह दिसत होते का, दिसत होते तर त्यांच्या सिग्नलचा आकडा किती होता, आणि मॉड्यूल मधेच रिस्टार्ट झाला का. उपग्रह दहा-अकरा दिसतायत, सिग्नल चाळीसच्या आसपास ठणठणीत आहे आणि तरी फिक्स (जीपीएसनं काढलेली पक्की जागा) नाही, तर हा सेटिंगचा प्रॉब्लेम, मॉड्यूलला जागा माहीत आहे पण तो सांगत नाहीये. उपग्रह दिसतायत पण आकडे वीस-पंचवीसवर घसरलेत तर अँटेना किंवा नॉइज, म्हणजे शेजारच्या उपकरणांचा रेडिओ-गोंगाट. आणि मधेच मॉड्यूलची ओळखीची वाक्यं, म्हणजे चालू होताना तो स्वतःचं नाव आणि व्हर्जन छापतो ना, ती उड्डाणाच्या मधोमध दिसली तर वीज गेली होती, मग बाकी काही बघायची गरज नाही.

सेटिंगचा प्रकार आधी घेतो कारण नाशिकच्या पोरांचं तेच होतं. आपण सगळे बहुतेक यू-ब्लॉक्स कंपनीचे मॉड्यूल वापरतो, निओ-६एम, मॅक्स-एम८क्यू वगैरे. हा चिप माणसाच्या खिशात, गाडीत, जहाजावर कुठेही वापरला जातो, म्हणून त्याला सांगावं लागतं की बाबा तू कशावर बसलायस. त्याला डायनॅमिक मॉडेल म्हणतात. काहीच सांगितलं नाही तर तो 'पोर्टेबल' धरून चालतो आणि पोर्टेबलची उंचीची मर्यादा आहे १२,००० मीटर. त्याच्या वर गेलं की तो स्वतःच्याच उत्तरावर विश्वास ठेवत नाही, हे शक्य नाही म्हणून फिक्स टाकून देतो. गाडीचं मॉडेल लावलं असेल तर ६,००० मीटरलाच गप्प होतो. जहाजाचं तर ५०० मीटर. एअरबोर्न मॉडेल लावलं की हीच मर्यादा ५०,००० मीटर होते, म्हणजे आपल्याला पुरून उरते.

म्हणून बरोब्बर बारावर बंद पडलं तर हे कारण जवळजवळ नक्की. अठरावर बंद पडलं तर वेगळं. ती कोकॉमची (निर्यातीवर बंधनं घालणारी पाश्चात्त्य देशांची जुनी समिती) मर्यादा, जीपीएस लावून कोणी क्षेपणास्त्र बनवू नये म्हणून आलेली, १८,००० मीटर आणि १,००० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ५१५ मीटर. नियमाचा अर्थ काही कंपन्या दोन्ही एकदम ओलांडलं तर बंद असा लावतात, काही कुठलंही एक ओलांडलं तरी बंद असा लावतात. दुसऱ्या प्रकारचा रिसीव्हर असेल तर कुठलीही कमांड द्या, अठराच्या वर तो बोलणार नाही, तो बदलायलाच लागतो. त्यामुळे घेताना डेटाशीटमध्ये उंचीची मर्यादा वाचा, तिथे १८,००० लिहिलं असेल तर तो आपल्या कामाचा नाही.

कमांडबद्दल दोन गोष्टी. जुन्या चिपला, सहा-सात-आठ सिरीजला, नॅव्ह-फाइव्ह नावाची सेटिंगची कमांड जाते आणि त्यात मॉडेलचा नंबर ६ द्यायचा, ६ म्हणजे एअरबोर्न एक-जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). ग्लायडरला ८ जास्त बरा, का ते पुढे सांगतो, तो लावलात तर तपासताना ६ च्या जागी ८ धरा. नव्या एम१० ला ही जुनी कमांड चालत नाही, त्याला व्हॅल-सेट पद्धतीनं तेच सांगावं लागतं. नेटवरचा दहा वर्षांपूर्वीचा कोड उचलून एम१० ला लावला तर तो ती पाळत नाही, आणि उत्तर वाचलं नाही तर तुम्हाला वाटतं सेट झालं. नाशिकला अगदी हेच झालेलं. पहिल्या मॉड्यूलला कमांड दिलीच नव्हती, दुसरा नवीन घेतला तो एम१०, त्याला जुनी कमांड दिली. दोन्ही वेळा पोर्टेबलच राहिला.

म्हणून कमांड पाठवून थांबायचं नाही, उत्तर वाचायचं. चिप मान्य किंवा अमान्य असं उत्तर पाठवतो, ते बघा, आणि तेवढ्यावरही न थांबता त्याला परत विचारा की आत्ता तुझं मॉडेल कुठलं आहे, आणि ६ आलं तरच सोडायची तयारी करा. स्वस्तातल्या मॉड्यूलवर नाव यू-ब्लॉक्सचं छापलेलं असतं पण आतला चिप नकली असतो, तो मान्य-अमान्य काहीच पाठवत नाही. मला असे दोन मिळाले होते, दिसायला हुबेहूब, जमिनीवर उत्तम चालायचे. ते आता सायकलवर लावलेत, तिथे छान काम करतात.

इथपर्यंतची माहिती शोधली तर कुठेही मिळते. आता मला ज्यानं सगळ्यात जास्त छळलं ते सांगतो.

माझ्या दुसऱ्या ग्लायडरला, ९० सेंटीमीटर पंखांचं डेप्रॉन फोमचं, सगळं धरून वजन २२० ग्रॅम, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू जरासं डावीकडे वळवून चिकटवलेलं म्हणजे सुटल्यावर ते गोल गोल फिरत खाली यावं, त्याला मी मॉडेल ६ नीट सेट केलं होतं, उत्तर वाचलं होतं, सगळं. सकाळी पावणेदहाला सोडलं, सेकंदाला पाच मीटरनं चढत चाळीस मिनिटांत बारा ओलांडले, फिक्स शाबूत, अठरा ओलांडले, शाबूत, गाडीत बसून आम्ही दोघं अक्षरशः टाळ्या वाजवत होतो. २४ किलोमीटरला सुटायचं ठरलं होतं. २४ आले, रेडिओवर 'रिलीज' हा शब्द आला आणि त्याच्या पुढच्या ओळीपासून जीपीएस शून्य. उंची शून्य, उपग्रह शून्य. मग थोड्या वेळानं उपग्रह नऊ, पण फिक्स नाही. पुढे बराच वेळ तसंच. आणि मग अचानक ११,९०० मीटरवर सगळं परत सुरू. ग्लायडर सुटलं होतं, मस्त गोल फिरत येत होतं, पण वरचा सगळा उडण्याचा भाग, ज्यासाठी हा एवढा खटाटोप, त्याचा एकही आकडा नाही.

बायको म्हणाली की सुटतानाच्या झटक्यानं वायर हलली असेल. मलाही तसंच वाटलं. घरी येऊन सोल्डर तपासले, सगळे घट्ट. मग रात्री जेवण झाल्यावर कच्चा लॉग उघडून ओळ न ओळ वाचत बसलो, आणि 'रिलीज'नंतर तिसऱ्या ओळीला मॉड्यूलचं नाव आणि व्हर्जन छापलेलं दिसलं. चोवीस किलोमीटरवर, उड्डाणाच्या मधोमध, तो नव्यानं जागा झाला होता.

झालं असं होतं की ग्लायडर सोडायला मी नायलॉनच्या दोरीभोवती निक्रोम तार गुंडाळतो, तिला करंट दिला की ती तापते आणि दोरी वितळून तुटते. ही तार दोन अँपिअरच्या आसपास ओढते. जमिनीवर बॅटरी हे सहज देते. पण पाऊण तास उणे पन्नासच्या आसपासच्या हवेत राहिलेली बॅटरी गारठलेली असते, तिच्यातून दोन अँपिअर ओढले की व्होल्टेज धाडकन बसतं. जीपीएसला निदान २.७ व्होल्ट लागतात, तेवढे न मिळाल्यानं तो मेला. पण माझा प्रोसेसर १.८ व्होल्टपर्यंत तग धरतो, त्यामुळे तो मेला नाही! आणि मॉडेल ६ ची कमांड मी फक्त सुरुवातीला एकदा, प्रोसेसर चालू होताना, पाठवत होतो. प्रोसेसर परत चालू झालाच नाही, म्हणून कमांड परत गेलीच नाही. जीपीएस मात्र सगळं विसरून पोर्टेबलवर आला, आणि पोर्टेबल म्हणजे बारा किलोमीटर. सेटिंग त्याच्या तात्पुरत्या मेमरीत असते, वीज गेली की पुसली जाते.

हा प्रॉब्लेम इतका फसवा यासाठी की दिसायला तो पहिल्यासारखाच दिसतो. माणूस म्हणतो मी तर एअरबोर्न मोड लावला होता, तपासला होता, तरी बारालाच का चालू झाला, म्हणजे मॉड्यूलच खराब. आणि नवा घेतो. तिथून चक्र सुरू. खराबी मॉड्यूलमध्ये नसतेच.

इलाज दोन्ही बाजूंनी करायचा. एक म्हणजे प्रोग्राममध्ये दर दहा सेकंदांनी जीपीएसला विचारायचं की तुझं मॉडेल कुठलं, ६ नसेल तरच परत कमांड पाठवायची. सतत आंधळेपणानं पाठवत राहू नका, आधी विचारा मग पाठवा, म्हणजे कधी विसरला तेही लॉगमध्ये सापडतं. आणि ते उत्तर रेडिओवरच्या ओळीत एका आकड्यानं येऊ दे. माझ्या ओळीच्या शेवटी आता तो आकडा असतो, गाडीत बसल्या बसल्या दिसतं. दुसरं म्हणजे निक्रोमची बॅटरी पूर्ण वेगळी ठेवा. वीस-पंचवीस ग्रॅम वजन वाढतं पण वाढू दे. एकाच बॅटरीवर मोठा कपॅसिटर लावून काम भागवणारे आहेत, मी पण करून बघितलं, कपॅसिटर पण थंडीत अंग चोरतो, त्यापेक्षा वेगळी बॅटरी बरी.

बॅटरी कुठली हा प्रश्न लगेच येतो. साध्या अल्कलाइन नकोत, त्यांच्या आत पाणी असतं, थंडीत त्या बसतात. लिथियमच्या एकदाच वापरायच्या डबल-ए पेन्सिल सेल घ्या, त्या उणे ४० पर्यंतच्या असतात, वजनालाही हलक्या. महाग आहेत पण ग्लायडर हरवण्यापेक्षा स्वस्त. मोबाइलच्या जातीची चार्ज होणारी लिथियम बॅटरी चालते पण तिला थर्माकोलच्या डब्यात आत, ट्रान्समीटरच्या शेजारी ठेवा, त्याची ऊब मिळते.

आणि भारतात सोडणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्या. आमच्याकडे इंग्लंडवर अकरा किलोमीटरपासून पुढे तापमान साधारण उणे ५५ च्या आसपास राहतं. आपल्याकडे उष्ण प्रदेशात खाली ऊन असतं म्हणून वरही ऊबदार असेल असं वाटतं, पण उलट आहे, तिथे हवा सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत थंड होतच जाते आणि उणे ७५-८० पर्यंत पोचते. हैदराबादला टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेची बलून फॅसिलिटी आहे, त्यांना सुरुवातीला ह्याच थंडीनं पिडलं होतं, बलूनचं प्लास्टिक तिथे पोचल्यावर कडक होऊन फाटायचं, मग त्यांनी त्या थंडीला टिकणारं प्लास्टिक वापरायला घेतलं. आपल्या नारळीकर सरांनी वरच्या हवेतले सूक्ष्मजीव शोधायला २००१ आणि २००५ मध्ये ४१ किलोमीटरपर्यंतचे हवेचे नमुने आणवले ते ह्याच हैदराबादच्या बलूनवरून. नाशिकच्या पोराला मी हेच सांगितलं, की तुमची बॅटरी माझ्यापेक्षा वीस-पंचवीस डिग्री जास्त थंडीतून जाणार, तेव्हा मी जेवढं सांगतोय त्यावर अजून थोडं वाढवून करा.

घरच्या फ्रीजरमध्ये चाचणी करून भागत नाही, तो उणे १८ ला असतो. सुका बर्फ आणा, तो उणे ७८ चा असतो, थर्माकोलच्या पेटीत खाली सुका बर्फ, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ग्लायडरचा डबा, दीड तास तसंच ठेवा आणि मग निक्रोम पेटवा. रिकामी चाचणी नको, खरी दोरी बांधून खरोखर तुटते का बघा. उघड्यावर किंवा खिडक्या उघडून करा, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, बंद खोलीत जीव गुदमरतो, आणि उघड्या हातानं धरू नका. ह्या एका चाचणीत माझे पुढचे दोन घोटाळे घरातच सापडले.

नॉइजचं थोडक्यात सांगतो. ग्लायडरवर छोटा कॅमेरा असतोच, आणि पुष्कळ कॅमेरे रेकॉर्डिंग सुरू असताना जीपीएसच्या १५७५ मेगाहर्ट्झच्या आसपास कचरा फेकतात. नुसता चालू असताना नाही, रेकॉर्डिंग चालू असताना. म्हणून अंगणात ठेवून सिग्नलचे आकडे आधी कॅमेरा बंद ठेवून लिहा, मग रेकॉर्डिंग लावून लिहा. पाचपेक्षा जास्त फरक पडला तर कॅमेरा लांब न्या, वीस सेंटीमीटर तरी, किंवा त्याला तांब्याची पट्टी गुंडाळा.

अँटेनाची गंमत ग्लायडरवाल्यांनाच भोवते, नुसता डबा पाठवणाऱ्यांना नाही. बहुतेक जण ग्लायडर शेपटीला दोरी बांधून, नाक खाली करून टांगतात, सुटायला सोपं पडतं म्हणून. पण चौकोनी अँटेना पाठीवर चिकटवलेली असते, म्हणजे ग्लायडर लटकलेलं असताना ती आकाशाकडे न बघता क्षितिजाकडे बघते, अर्धं आकाश गेलं, त्यात बलूनखाली ते गरगर फिरत असतं म्हणजे दर काही सेकंदांनी वेगळे उपग्रह. सुटल्यावर पोटावर सपाट झालं की फिक्स सुधारतो आणि माणसाला वाटतं उंचीचाच काहीतरी प्रॉब्लेम होता. मी आता दोन दोऱ्यांनी आडवं टांगतो, दोन्ही दोऱ्या वरती एकाच नायलॉनच्या फाशात येतात, तो फास तुटला की दोन्ही सुटतात. कार्बनचा दांडा पंखात असेल तर अँटेना त्याच्या खाली येऊ देऊ नका. आणि चंदेरी ब्लँकेट, ट्रेकिंगला नेतात ते, ऊब राहावी म्हणून डब्याला गुंडाळतात ना, ते धातूचं असतं, त्याखाली जीपीएस म्हणजे पत्र्याच्या पेटीत जीपीएस. हे मी स्वतः बघितलंय, एका ग्रुपनं सोडायच्या जागी शेवटच्या क्षणी थंडीच्या भीतीनं ते गुंडाळलं, आणि गेला.

आता ग्लायडरचं खास, जे बलूनवाल्यांच्या सल्ल्यात सापडत नाही. मॉडेल ६ बलूनसाठी पुरेसं आहे पण त्यात आडव्या वेगाची मर्यादा सेकंदाला १०० मीटर आहे. वर हवा इतकी विरळ असते की २४ किलोमीटरवर घनता जमिनीच्या सव्विसाव्या भागाइतकी राहते, ३० वर तर साठाव्या भागापेक्षाही कमी. पंखाला तेवढीच उचल मिळायची तर वेग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढायला लागतो, म्हणजे जमिनीवर सेकंदाला ९ मीटरनं उडणारं ग्लायडर २४ वर ४६ नं उडेल आणि ३० वर ७४ नं, आणि हा झाला सरळ उडतानाचा वेग, सुटल्या सुटल्या तर ते आधी सूर मारतं, त्यात शंभर सहज ओलांडतं. मॉडेल ८, म्हणजे चार-जी, त्याची आडवी मर्यादा ५०० आहे, म्हणून ग्लायडरला सरळ ८ लावा. उभ्या वेगाची मर्यादा मात्र तिथेही १०० च आहे, तेव्हा पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात जीपीएस गप्प झाला आणि मग आला तर घाबरू नका आणि घाईनं सेटिंग बदलू नका, तो ग्लायडरच्या सुराचा परिणाम आहे. ते टाळायचं असेल तर उंची कमी करा. मला विचाराल तर पहिली दोन-तीन उड्डाणं २० च्या खालीच ठेवा, तिथे ग्लायडर खरंच उडतं, ३० वर ते बराच वेळ नुसतं पडत असतं.

शेवटचा मोठा मुद्दा, सोडायचा निर्णय एकट्या जीपीएसवर ठेवू नका. नाशिकला जीपीएस गप्प झाला म्हणून ग्लायडर सुटलंच नाही, ते टळलं असतं. पण इथे पण सापळा आहे. सगळे बीएमपी२८० नावाचा हवेच्या दाबाचा सेन्सर लावतात, स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो. तो ३०० हेक्टोपास्कलपर्यंतचाच आहे, म्हणजे जेमतेम नऊ किलोमीटर, त्यानंतर त्याच्या आकड्याला अर्थ नाही. एमएस५६११ घ्या, तो १० पर्यंत जातो, म्हणजे तीस किलोमीटर. माझा नियम आता असा आहे की जीपीएसनं २४ सांगितले किंवा दाब सलग तीस सेकंद ३० हेक्टोपास्कलच्या खाली राहिला तर सोड, आणि दोन्ही नाही झालं तर बलून उडाल्यापासून पंचाऐंशी मिनिटांनी सोड. उडाल्यापासून म्हणतोय, स्विच चालू केल्यापासून नाही, कारण हेलियम भरताना हमखास उशीर होतो. आणि बलून आधीच फुटलं, उंची घटायला लागली, तर अजिबात सोडायचं नाही, पॅराशूटखालीच येऊ द्यायचं. फाटक्या रबराच्या गुंत्यात सुटलेलं ग्लायडर कुठे कसं आदळेल सांगता येत नाही, आणि खाली माणसं राहतात.

त्यावरून आठवलं, परवानगीच्या अर्जात वरून काहीतरी सुटणार आहे हे स्पष्ट लिहा. इथे सीएएला, म्हणजे इथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाला, निदान २८ दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि ते वैमानिकांसाठी सूचना काढतात. ऑटोपायलट लावलेलं असेल तर ड्रोनचे नियम पण लागतात, माझं रडर चिकटवलेलं आहे तरी मी आधी विचारून घेतलं. भारतात डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि जवळच्या विमानतळाचं एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), दोघांनाही धरून चाला, कॉलेजच्या लेटरहेडवर जा. रेडिओसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरता येतं, लोराचे (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) त्या पट्ट्यातले मॉड्यूल घ्या. इथला ४३४ मेगाहर्ट्झचा कोड जसाच्या तसा उचलू नका.

आणि तरीही वर गप्प झालंच तर शोधायचं कसं? शेवटची जागा, उंची आणि वेळ लिहून घ्या, साँडहब ह्या बलून-ट्रॅकिंगच्या वेबसाइटवरच्या प्रेडिक्टरवर त्याच जागेपासून त्याच उंचीपासून पुढचा प्रवास काढा, आणि तो जिथे दाखवेल तिथे पोचून थांबा, मागे मागे धावू नका. बाराच्या खाली आलं की सिग्नलमध्ये परत आकडे येतात, त्या वेळी तुम्ही जवळ असलात की झालं. पण जमिनीवर पडल्यावर रेडिओ एक-दोन किलोमीटरच ऐकू येतो हे लक्षात ठेवा, म्हणून हवेत असतानाची शेवटची ओळ महत्त्वाची. माझं ते दुसरं ग्लायडर नॉरफोकमध्ये बीटच्या शेतात सापडलं, पानांत नाक खुपसून, मालकाला विचारून आत गेलो तर तो बिचारा स्वतःच बघायला आला.

सापडल्यावर आनंदाच्या भरात पहिल्यांदा बॅटरी काढली जाते, ती काढू नका. आधी फोटो, मग लॅपटॉप जोडून जीपीएसला त्याच अवस्थेत विचारा की आत्ता तुझं मॉडेल कुठलं आहे. ८ आलं तर बरं. ० आलं, म्हणजे पोर्टेबल, तर वाटेत कुठेतरी वीज गेली होती, आणि कच्च्या लॉगमध्ये त्याचं नाव-व्हर्जन किती वाजता छापलंय ते शोधायला बसा. नाशिकच्या टीमचं पुढचं उड्डाण पाऊस संपल्यावर आहे, सुक्या बर्फाची पेटी त्यांनी कालच करून बघितली, निक्रोम पेटल्यावर जीपीएस रिस्टार्ट झाला. पेटीतच सापडलं.